त्यांनी सोडायचं ठरवलं होतं

माझे पती लातुरातल्या एका लहान मंडळीचे पाळक होते. आमच्यावर बिशप नव्हता, मिशनचं ऑफिस नव्हतं. लग्नानंतर आम्ही दोघांनी चार कुटुंबं गोळा करून भाड्याच्या खोलीत उपासना सुरू केली. पुढं पत्र्याचं चर्च झालं, मग स्लॅबचं. त्यामुळं त्यांना बदली नव्हती आणि रिटायर करणारंही कुणी नव्हतं. कधी थांबायचं ते त्यांचं त्यांनीच ठरवायचं होतं. त्यांनी ते वेळेवर ठरवलं. थांबू दिलं नाही ते मी.

मी नांदेडची. डी.एड. झाले होते, शाळेत नोकरी होती. लग्न ठरल्यावर ती सोडली आणि पाळकीणबाई झाले. संडेस्कूल माझ्याकडं, महिला मंडळ माझ्याकडं, कुणाच्या घरात आजारपण आहे, कुणाची सून माहेरी जाऊन बसलीय, हे त्यांच्या कानावर घालायचं कामही माझंच. प्रवचनाच्या पुलपीटवर मात्र मी कधी चढले नाही. कुणी चढ म्हणालं नाही आणि मीही विचारलं नाही.

भूकंप झाला तेव्हा आमचं चर्च अजून पत्र्याचंच होतं. शहरात भिंतींना तडे गेले, माणसं घराबाहेर झोपायला लागली. पण खरा नाश निलंगा-औसा पट्ट्यातल्या दगडमातीच्या गावांत झाला होता. हे दुसऱ्याच दिवशी मंडळीतल्या तीन-चार माणसांना घेऊन टेम्पोतून गेले. आधी माती उकरायचं काम होतं, ते संपल्यावर लोकांना राहायला दिलेल्या पत्र्याच्या शेडमधून हिंडायचं. त्या हिवाळ्यात ते बहुतेक तिकडंच होते. शनिवारी घरी यायचे, अंघोळ करायचे आणि जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत.

मी एकदा विचारलं, "दिवसभर तिथं काय करता?"

"ऐकतो," ते म्हणाले. "माणसं सांगतात, मी ऐकतो."

"काय सांगतात?"

"ते त्यांनी मला सांगितलंय. घरी आणायचं नसतं."

मला राग आला होता. पण त्यांनी ते कधीच घरी आणलं नाही, हे मी साक्षीला उभं राहून सांगेन. पुढच्या वीस-बावीस वर्षांत अख्ख्या मंडळीचं उष्टंखरकटं त्यांच्या पोटात जमा झालं आणि मला त्यातलं काही कळलं नाही.

भूकंपातून उठलेली काही कुटुंबं नंतर लातूरला आली आणि आमच्यात सामील झाली. त्यात एक शिवणकाम करणारी बाई होती. आमच्या महिला मंडळातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तीच शिवायची. तिचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर. भूकंपाच्या वेळी तो ट्रक घेऊन लांब गेला होता. घरात ही, कडेवरची मुलगी आणि म्हातारी सासू. या दोघी वाचल्या, सासू गेली. ड्रायव्हरची आईवर फार माया होती. कुणी नवीन माणूस भेटला आणि भूकंपाचा विषय निघाला, की तो एकच वाक्य बोलायचा, "माय झोपेतच गेली. तिला कळलंबी न्हाई." ते बोलताना त्याचा चेहरा सैल व्हायचा. बाई त्या वेळी शेजारी असली तर मशीनमधल्या कापडाकडं बघत बसायची.

मग बघता बघता लातूर शिकवण्यांचं शहर झालं. आमच्या गल्लीत जिथं कडब्याची गंज असायची तिथं तीन मजली हॉस्टेल आलं, खाली मेस, वर अभ्यासिका. देगलूर, उदगीर, परभणी, कुठकुठून पोरं-पोरी यायची, दोन वर्षं राहायची आणि जायची. त्यांच्यातली ख्रिस्ती मुलं रविवारी आमच्याकडं यायला लागली. त्यांना घेऊन यायच्या त्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई. देगलूरकडच्या, तिशी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या. घरी तेलुगू, बाहेर मराठी. पत्राद्वारे ईश्वरज्ञानाचा अभ्यास करत होत्या. रविवारी टेस्ट संपली की दुपारी मुलांना चर्चमध्ये बसवायच्या आणि बोलायच्या. आवाज मोठा नव्हता, पण मुलं मोबाईल खाली ठेवून ऐकायची.

हे दाराशी उभे राहून ऐकायचे. घरी आल्यावर म्हणायचे, "ही बाई माझ्यापेक्षा बरी बोलते." मी पोळ्या लाटत असायची. मी लाटतच राहायची.

त्यांचं विसरणं मला आधी कळलं. लागोपाठ दोन रविवारी तोच उतारा वाचला. एका लग्नात नवरदेवाचं नाव तीनदा विचारलं. लातुरात दाखवलं असतं तर दवाखान्यातून निघायच्या आधी मंडळीत कळलं असतं, म्हणून मी त्यांना नांदेडला घेऊन गेले. माझी मुलगी तिथं दिलेली आहे. डॉक्टरांनी चित्रं दाखवली, घड्याळ काढायला लावलं, डोक्याचा फोटो काढला. मग स्पष्ट सांगितलं. हे वाढत जाणार, गोळ्यांनी थोडं हळू वाढेल, एवढंच.

परतीच्या एसटीत ते अहमदपूर येईपर्यंत खिडकीबाहेरची शेतं बघत होते. मग म्हणाले, "बरं झालं कळलं. येत्या ईस्टरला मंडळी बाईंच्या हातात देऊन टाकू."

मी म्हटलं, "एवढी घाई कशाला?"

"घाई नाही. आता मला समजतंय तोवर दिलं पाहिजे. मला समजेनासं झालं की मग मीच म्हणेन, मला काही झालं नाही."

त्यांना किती नीट समजत होतं ते आज आठवतं तेव्हा जीव घाबरा होतो. मी मात्र कारणांची रास घातली. कमिटीतली जुनी माणसं बाईमाणसाला पाळक मानणार नाहीत. जीवशास्त्राची पोरं आज आहेत, उद्या रिझल्ट लागला की कुठल्या कुठं जातील, त्यांच्या जोरावर मंडळी चालत नसते. भूकंपातल्या लोकांना तुमच्याशिवाय कुणाचा आधार आहे? ही सगळी कारणं अर्धी खरी होती. खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. ते असं होतं, की एवढी वर्षं हा संसार आणि ही मंडळी मी दोन खांद्यांवर वाहिली, आणि द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना बाई दिसली ती ही. बाईमाणसाला देता येतं हे त्यांना माझ्याकडं बघून कधी सुचलं नव्हतं.

त्यांनी आणखी एकदा विषय काढला, मी पुन्हा तीच कारणं दिली. तिसऱ्यांदा ते तोंडी बोलले नाहीत. एका सकाळी टेबलाशी बसून त्यांनी कमिटीच्या नावानं अर्जी लिहिली. अक्षर अजून सरळ होतं. माझी प्रकृती बरी राहत नाही, मला या सेवेतून मोकळं करावं, आणि मंडळीला पसंत पडेल तर अमुक बाईंच्या नावाचा विचार व्हावा. खाली तारीख, सही. पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सेक्रेटरींना दे. मी दिलं तर ते मला समजावत बसतील."

मी ते पाकीट कपाटात साड्यांखाली ठेवलं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "दिलीस?"

"दिली," मी म्हटलं.

दोन-तीन आठवडे ते विचारत राहिले. मी सांगायची, कमिटी विचार करतेय. मग विचारायचे थांबले. विसरले.

त्यानंतर दीड वर्ष मी मंडळी चालवली. याला दुसरा शब्द नाही. शनिवारी मी त्यांचं प्रवचन मोठ्या अक्षरात कागदावर लिहायची, चार मुद्दे, प्रत्येक मुद्द्यापुढं रेघ. रविवारी पहिल्या बाकावर बसायची. ते मध्येच अडकले, की मी तिथूनच गीत सुरू करायची आणि मंडळी उठून उभी राहायची. लोकांना वाटायचं, पाळकीणबाईंना आत्म्याची प्रेरणा झाली. दोन-तीन बायकांनी तसं बोलूनही दाखवलं. मला ते ऐकायला बरं वाटलं, हे लपवण्यात आता अर्थ नाही. माझे शब्द त्या पुलपीटवरून पहिल्यांदाच ऐकू येत होते, जरी आवाज त्यांचा होता.

बाईंना शंका आली होती. एकदा उपासना झाल्यावर त्या माझ्याजवळ थांबल्या. "काकू, पाळकसाहेबांना आता विश्रांती पाहिजे का? काही वाटून घ्यायचं असेल तर सांगा. भेटीगाठी मी करत जाईन."

मी म्हटलं, "तुम्हाला खुर्चीची एवढी घाई झाली?"

त्यांचा चेहरा पडला. "न्हाई काकू," एवढंच बोलल्या आणि चपला घालून गेल्या. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मला वाटलं, बरं झालं.

एक इशारा मला मिळाला होता. सकाळी चहा घेता घेता ते एकदम म्हणाले, "सेक्रेटरींनी भावाच्या पोराच्या बाबतीत तसं करायला नको होतं." आणि सगळी हकीकत सांगून मोकळे झाले. ती मी इथं लिहिणार नाही. सेक्रेटरींनी ती कधीतरी रडत रडत त्यांच्याजवळ ठेवली असणार. मी म्हटलं, "अहो, हे काय बोलताय?" ते दचकले. "मी बोललो?" म्हणाले. हातातली बशी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. असं नंतर आणखी दोनदा झालं. माणसाची आठवण जाते म्हणजे सगळंच जात नाही. आदल्या दिवसाचं जातं, आणि वीस वर्षांपूर्वीचं, जे कुलूप लावून ठेवलेलं असतं, त्याचं कुलूपच तेवढं गळून पडतं. मला हे कळलं होतं. तरी त्यांना मी पुलपीटवर पाठवत राहिले. कागद माझा आहे, ते कागदाबाहेर जाणार नाहीत, असं मी मनाला सांगितलं.

भूकंपाच्या स्मरणाची उपासना आमच्याकडं दरवर्षी व्हायची. त्या दिवशी लातुरात राहणारी सगळी भूकंपग्रस्त कुटुंबं यायची, जी एरवी येत नसत तीसुद्धा. त्या वर्षी चर्च भरलं होतं. मागच्या बाकांवर बाईंची मुलं होती. शिवणकामवाली तिसऱ्या बाकावर बायकांच्या बाजूला, तिचा नवरा समोर पुरुषांच्या बाजूला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

यांनी पहिला मुद्दा वाचला. दुसरा वाचला. मग कागद बाजूला सारला आणि समोर बघत बोलायला लागले. आवाज एकदम पूर्वीसारखा झाला, खणखणीत. मंडळी सावरून बसली. मलाही क्षणभर आनंद झाला.

"आपल्यात एक बहीण आहे," ते म्हणाले. "भिंत पडली तेव्हा लेकरू कडेवर घेऊन ती बाहेर आली. आत सासू होती. सासू हाका मारत होती. मला काढ गं, मला काढ. ही अंगणात उभी राहिली. लेकरू खाली ठेवावं की नको, तिला ठरेना. हाका लई वेळ येत होत्या. मग दुसरी भिंत पडली."

मी उठले. गीत सुरू करायला तोंड उघडलं, आणि कुठलंच गीत आठवलं नाही. माझी ही अवस्था झाली.

ते तिसऱ्या बाकाकडं बघत होते. मायेनं बघत होते. "तू मला शेडमध्ये सांगितलंस ना, बाई? मी तुला म्हटलं होतं, देवानं तुला क्षमा केलीय. आता मनात ठेवू नको."

 मी पुलपीटकडं धावले, यांचा दंड धरला, खाली उतरवलं. वळून बघितलं तेव्हा जीवशास्त्राच्या बाई मागच्या बाकावरून उठून तिसऱ्या बाकाशी आल्या होत्या. त्या शिवणकामवालीच्या शेजारी बसल्या होत्या आणि तिचा हात त्यांच्या हातात होता. त्या वेळी कुणाकडं धावायचं हे मला समजलं नाही. त्यांना समजलं.

ड्रायव्हर उभा राहिला.  बाहेर गेला, चपला घातल्या आणि चालायला लागला. ती त्याच्या मागं दहा पावलांवर चालत गेली.

त्यानं तिला मारलं नाही. त्या दिवसापासून तिच्या हातचं खाणं बंद केलं. डबा बाहेरून आणायचा. आठ-दहा दिवसांनी पहिल्यांदा बोलला तो एवढंच बोलला, "माझी माय हाका मारत मेली, अन् तू मला इतके वर्सं झोपेत मेली म्हणून सांगून राहिलीस." मग ट्रक घेऊन गेला तो महिना महिना फिरकेना. ती मशीन विकून निलंग्याला भावाकडं राहायला गेली. कडेवरची ती मुलगी आता दोन लेकरांची आई होती, देगलूरला नांदत होती. ती आईशीही बोलेना आणि बापाशीही. आपल्याला कडेवरून खाली ठेवलं असतं तर आजी वाचली असती, असं तिनं डोक्यात घेतलं. हे मला बाईंकडून कळलं.

पुढच्या आठवड्यात मी कपाटातलं पाकीट काढलं आणि सेक्रेटरींच्या घरी नेऊन दिलं. त्यांनी उभ्यानंच वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"ही तारीख तर दीड वर्षापूर्वीची आहे," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे पाळकसाहेबांनी तेव्हाच..."

"हो. मी दिली नाही."

 ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "तुम्ही बसा, चहा ठेवायला सांगतो." मी चहा न घेता आले.

कमिटीत वाद झाला, पण मला वाटलं होतं तेवढा नाही. जुन्या माणसांनीच आधी मान हलवली. मी ज्यांच्या नावानं यांना अडवत होते, त्या माणसांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. एका साध्या रविवारी बाईंच्या हातात सेवा दिली. निम्मे बाक रिकामे होते. भूकंपातली बहुतेक कुटुंबं यायची बंद झाली होती. का, ते मला समजत होतं. त्यांचंही काही ना काही यांच्याजवळ ठेवलेलं होतं. बाईंनी यांना पुढं बोलावून खुर्चीवर बसवलं. यांनी विचारलं, "आज कुणाचं लग्न आहे?"

निलंग्याला मी तीन महिन्यांनी गेले. बाई म्हणाल्या होत्या, काकू, जाऊ नका, आता नको. मी ऐकलं नाही. शिवणकामवाली भावाच्या पडवीत तूर निवडत बसली होती. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, आतून पाणी आणून दिलं. मी सगळं सांगितलं. नांदेडचे डॉक्टर, अर्जी, साड्यांखालचं पाकीट, चहाच्या वेळी बाहेर पडलेलं दुसऱ्याचं बोलणं. काही राखून ठेवलं नाही.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजी साहेबानं सोडलं होतं?"

"हो."

"तुमाला ठावं होतं, त्यायच्या तोंडून निघून राहिलं म्हनून?"

"ठाऊक होतं."

"साहेबावर मी लई रागावले होते. आता न्हाई रागावत," ती म्हणाली. "त्यायला सांगा."

"आणि माझ्यावर?"

तिनं सूप परत मांडीवर घेतलं. "तुमची एसटी किती वाजताची हाय, बाई?"

मी उठले. ती दारापर्यंत आली नाही.

लातूर सोडून आम्ही नांदेडला मुलीजवळ आलो. तिथं ते आणखी चार वर्षं जगले. मी निलंग्याचा निरोप त्यांना सांगितला. त्यांनी मान डोलावली, पण कुणाचा निरोप ते त्यांना कळलं नाही. शेवटच्या दोन वर्षांत ते खाटेवर पडून सतत बोलत असायचे, शेडमधलं, दवाखान्यातलं, मंडळीतल्या माणसांचं. मुलगी खोलीत आली की मी तिला बाहेर पाठवायची, दार लोटून घ्यायची आणि एकटी ऐकायची. ज्या माणसांना मी रोज नमस्कार करत होते त्यांचं काय काय मला कळलं, ते मला नको होतं. आता ते माझ्याजवळ आहे. माझं वय सत्तर झालं. हल्ली मलाही भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवत नाही. मुलीला मी सांगून ठेवलंय, की मी असं-तसं बोलायला लागले तर माझ्या खोलीत माणसं बसू देऊ नकोस. ती म्हणते, "आई, तुला काही होत नाही."

लातूरची मंडळी चालू आहे. बाईंनी मुलांची दुपारची बैठक सकाळच्या उपासनेतच घेतली, आता मराठीबरोबर एक गीत तेलुगूत असतं. भूकंपाच्या स्मरणाची उपासना त्यांनी बंद केली. ज्याला त्या दिवशी यायचं असेल त्यानं यावं, गप्प बसावं आणि जावं, असं त्यांनी ठेवलंय. ड्रायव्हर येतो म्हणे. एकटा येतो, मागं बसतो. निलंग्याची ती बाई गेल्या उन्हाळ्यात वारली. मातीला तो गेला होता, पण लांब, कंपाऊंडजवळ उभा राहिला. हे मला बाईंनी फोनवर सांगितलं. मी विचारलं, काही बोलला का? बाई म्हणाल्या, न्हाई काकू, कुणी त्याच्याशी बोललं न्हाई आणि तोही बोलला न्हाई. सगळे गेल्यावर बराच वेळ तिथंच होता.